डाव्या कानातली गिरणी

ऑगस्ट २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात, अधिक श्रावण संपत आला असताना, एका रात्री मी यजमानांना उठवले आणि कोपऱ्यावरची पिठाची गिरणी एवढ्या रात्री कोणी चालू ठेवली आहे, असे विचारले. त्या वर्षी पावसाने मोठी ओढ दिली होती आणि विजेचा लपंडाव चालू होता. त्यामुळे लाईट आल्यावर गिरणीवाल्याने मध्यरात्री दळण काढले असेल, असे मला खरोखरच वाटले होते. "गिरणी बंद आहे, झोप आता," असे म्हणून ते कूस बदलून झोपले. मी डावा कान उशीवर दाबला, तर आवाज कमी होण्याऐवजी वाढला. तेव्हा कळले की ही गिरणी गल्लीत नसून माझ्याच कानात आहे.

मी परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात जिल्हा परिषदेच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. त्या वेळी माझे वय ४८ होते. पुढे त्या आवाजाचे नाव ‘ड्युरल आर्टेरिओव्हीनस फिस्च्युला’ असे निघाले. मेंदूवरच्या जाड आवरणात धमनी आणि शीर यांचा जिथे व्हायला नको तिथे झालेला थेट जोड, असा त्याचा अर्थ. हे नाव सापडायला जवळपास आठ महिने लागले आणि तो जोड बंद करायला साडेचार तास. त्या आठ महिन्यांतला काही वेळ यंत्रणेने घालवला, पण बराचसा माझ्या स्वतःच्या संकोचाने गेला, म्हणून सगळे क्रमाने लिहीत आहे.

आवाज ‘सूंऽ सूंऽ’ असा होता, पण एकसुरी नव्हता. मनगटाची नाडी धरून पाहिली, तर दोन्हींचा ठेका एकच निघाला. जिना चढून गेले की गिरणीचा वेग वाढायचा, शांत बसले की उतरायचा. आणखी एक गोष्ट मला पहिल्याच महिन्यात सापडली होती: डाव्या कानामागे, कवटीच्या खालच्या कडेला एका ठिकाणी बोट दाबून धरले की आवाज निम्म्याहून कमी व्हायचा आणि बोट काढताच परत यायचा. ही गोष्ट मी पुढचे सहा महिने एकाही डॉक्टरांना सांगितली नाही, कारण ती मला पोरकट वाटत होती. नंतर कळले की त्या ठिकाणाहून जाणारी धमनीच त्या जोडाला रक्त पुरवत होती आणि माझे बोट तिचा नळ क्षणभर बंद करत होते.

पोळा झाल्यावर सप्टेंबरमध्ये परभणीला कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवले. त्यांनी मळ काढला, श्रवणचाचणी केली, ती निर्दोष आली. या वयात असे होते, रजोनिवृत्तीच्या काळात बायकांना कानात आवाज येतात, असे सांगून जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. तीन फेऱ्यांत २,९०० रुपये गेले. घरी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लसूण तेलात परतून ते कोमट तेल कानात टाकायचा प्रयोग चालू केला. प्रेमाने केलेला असल्यामुळे तो मी पंधरा दिवस चालू दिला. तुम्ही तो करू नये, असेच म्हणेन. ऑक्टोबरच्या अखेरीस आंदोलनामुळे एसटी बंद पडल्या, एक ठरलेली फेरी चुकली आणि ती चुकल्याचा मला आनंदच झाला. डॉक्टरांकडे न जाण्याचे कारण आयते मिळाले होते.

डिसेंबरमध्ये डोके दुखायला लागले. सकाळी उठल्यावर आणि खाली वाकल्यावर जास्त. एका ठिकाणी साधा एमआरआय केला, ६,५०० रुपये, अहवाल ‘नॉर्मल’. त्या केंद्राने फिल्म दिली आणि सोबत एक सीडी दिली, जी पुढे कोणत्याही डॉक्टरांच्या संगणकावर उघडली नाही. त्या वेळी मला सीडीचे महत्त्वच माहीत नव्हते, त्यामुळे मी ती उघडते का हे तिथेच पाहून घेतले नाही. तपासणी केंद्रातून बाहेर पडण्यापूर्वी सीडी त्यांच्याच काउंटरवर उघडून दाखवायला सांगावी, शक्य असेल तर पेन ड्राइव्हवरही प्रत घ्यावी. फिल्मवर मोजक्या चित्रांचे तुकडे असतात. डॉक्टरांना पूर्ण मालिका पुढे-मागे सरकवून पाहायची असते.

या सगळ्याला वळण मिळाले ते जानेवारीत. २३ जानेवारी २०२४ पासून राज्य मागासवर्ग आयोगाचे घरोघरी सर्वेक्षण सुरू झाले आणि आम्हा शिक्षकांना मोबाईलवर ते भरायचे होते. प्रश्न पुष्कळ, अक्षर बारीक. एका घराच्या ओट्यावर बसून मान खाली घालून मी उत्तरे भरत होते आणि उठून उभी राहिले, तेव्हा दोन्ही डोळ्यांसमोर राखाडी पडदा आला. पाच-सहा सेकंदांत तो गेला. त्या घरातल्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "मॅडम, उपाशी आलात का?" मी हो म्हटले आणि त्यांच्याकडचा गूळ-शेंगदाणे खाऊन पुढच्या घरी गेले. त्या आठवड्यात असा पडदा सात-आठ वेळा आला. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असे समजून सर्वेक्षण संपल्यावर १२ फेब्रुवारीला नेत्रतज्ज्ञांकडे गेले.

त्यांनी डोळ्यांत थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, बराच वेळ आत पाहिले आणि मग त्यांचा आवाज बदलला. दोन्ही डोळ्यांच्या मागे, जिथे दृष्टीची नस डोळ्यात शिरते, तिथे सूज होती. ही सूज बहुधा डोळ्यांच्या आजाराची नसते, कवटीच्या आतला दाब वाढल्याची ती खूण असते, असे त्यांनी कागदावर आकृती काढून समजावले. "कानात काही आवाज येतो का?" असेही त्यांनी विचारले. सहा महिन्यांत हा प्रश्न आपण होऊन विचारणारे ते पहिले. चष्म्यासाठी गेलेल्या मला त्यांनी मेंदूविकारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली आणि हा आठवडा ओलांडू नका, असे बजावले. तपासणी फी ३०० रुपये.

छत्रपती संभाजीनगरच्या मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ २१ फेब्रुवारीची मिळाली. सेलूहून रेल्वेने गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले, डिसेंबरची फिल्म बाजूला ठेवली आणि गळ्यातला स्टेथोस्कोप काढून माझ्या डाव्या कानामागच्या हाडावर टेकवला. श्वास रोखायला सांगितले. खोलीत पंखा होता, तो त्यांनी बंद करायला लावला. साधारण अर्धा मिनिट ते तसेच वाकून उभे राहिले, मग उजव्या बाजूला टेकवला, परत डाव्या. त्यानंतर त्यांनी कानातल्या नळ्या काढून माझ्या यजमानांना दिल्या. "सर, तुम्ही ऐका."

यजमानांनी ऐकले. त्यांचा चेहरा मी बाजूने पाहत होते. सहा महिने मी त्यांना सांगत होते आणि ते, खरे सांगायचे तर, माझे समाधान करण्यापुरतेच मान हलवत होते. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या कानांनी माझी गिरणी ऐकली. त्यांच्या तोंडून एवढेच निघाले, "हिला हे रात्रंदिवस ऐकू येतंय?" मला रडू आले. आजार गंभीर असू शकतो हे त्याच वेळी कळत होते, तरीही ते रडू भीतीचे नव्हते.

डॉक्टरांनी सांगितलेला फरक मी वहीत लिहून घेतला. कानात सतत शिट्टी किंवा रातकिड्यासारखा आवाज येणे फार जणांना होते आणि त्याची कारणे बहुधा कानातच असतात. पण नाडीच्या ठेक्यावर येणारा आवाज, विशेषतः एकाच कानात, वेगळा समजावा. त्यामागे रक्तवाहिनीचे कारण शोधावे लागते. आणि असा आवाज बाहेरून स्टेथोस्कोपने ऐकू आला, तर तो शोध टाळता येत नाही. कानामागे बोट दाबण्याची गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली. ते म्हणाले, "ताई, हे तुम्ही सर्वांत आधी सांगायला हवं होतं."

२६ फेब्रुवारीला कॉन्ट्रास्टसह एमआरआय आणि शिरांचा व्हेनोग्राम झाला, ११,५०० रुपये. या वेळी सीडी काउंटरवर उघडून पाहिली. डाव्या बाजूच्या मोठ्या शिरामार्गाजवळ, ज्याला सायनस म्हणतात, बारीक काळ्या ठिपक्यांची दाटी दिसत होती. वेगाने वाहणारे रक्त एमआरआयवर असे काळे दिसते. डॉक्टरांनी डिसेंबरच्या फिल्मवर त्याच जागी बोट ठेवले. तिथेही चार-पाच ठिपके होते. ‘नॉर्मल’ लिहिणाऱ्याने ते पाहिले नव्हते, की पाहून सोडून दिले होते, ते आता कळण्याचा मार्ग नाही. मात्र या आजारात साधा एमआरआय निर्दोष येऊ शकतो आणि खात्रीचे निदान डीएसए या तपासणीनेच होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

डीएसए म्हणजे जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी मानेपर्यंत नेऊन, तिच्यातून औषध सोडून, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे क्ष-किरणांवर चलच्चित्र घेणे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे असे चित्रण पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये प्रथम केले. शंभर वर्षे होत आली, तरी या एका आजारात त्या तत्त्वाला पर्याय नाही, याचे मला शिक्षिका म्हणून कौतुक वाटते. तपासणीतच पक्षाघात होण्याचा धोका असतो, पण तो शंभरात एकाहूनही कमी, असे संमतीपत्रावर सही घेताना सांगितले गेले. तज्ज्ञ बाहेरगावाहून ठरावीक दिवशीच येत, त्यामुळे तारीख २ एप्रिलची मिळाली. मधल्या काळात कवटीतला दाब उतरवण्यासाठी ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी बोटांना मुंग्या येतात आणि सोडा-वॉटर पार बेचव लागते. हे आधी माहीत असले की माणूस घाबरत नाही.

आणि याच मधल्या काळात निवडणुकीची ड्युटी आली. परभणी लोकसभेचे मतदान २६ एप्रिलला होते, आदेश मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हातात पडला. आजारी असल्याचे साधे प्रमाणपत्र चालत नाही. मी तहसील कार्यालयात अर्ज, मेंदूविकारतज्ज्ञांचे पत्र आणि एमआरआयचा अहवाल दिला. तो परत आला, कारण त्यावर जिल्हा रुग्णालयातील वैद्यकीय मंडळाचे मत नव्हते. मंडळ आठवड्यातून ठरावीक दिवशी बसते. पहिल्या दिवशी एक सदस्य नव्हते, दुसऱ्या वेळी माझा नंबर दुपारी साडेतीनला लागला. मंडळासमोरच्या बाकावर माझ्यासारखे तीस-चाळीस शिक्षक होते आणि त्यातले काही जण ठणठणीत होते हे सगळ्यांनाच दिसत होते. त्यामुळे माझ्याकडेही त्याच नजरेने पाहिले जात होते. ड्युटी रद्द झाल्याचा आदेश डीएसए झाल्यानंतर, १० एप्रिलला मिळाला. ज्यांना असे करावे लागेल त्यांनी प्रत्येक कागदाच्या तीन प्रती आणि पोचवहीचा शिक्का असलेली एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. माझी पहिली फाईल हरवली होती. शिक्क्याची प्रत होती म्हणून निभावले.

डीएसए पूर्ण शुद्धीत होते. जांघेत भूल दिलेली असते, नळी आतून जाताना काहीच कळत नाही. औषध सोडले की मात्र अर्ध्या चेहऱ्यावरून गरम पाणी ओतल्यासारखे वाटते आणि मिटलेल्या डोळ्यांमागे वीज चमकते. "हलू नका, गिळू नका, श्वास रोखा," असे दर वेळी सांगतात. पाऊण तास लागला. त्यानंतर सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहायचे; हा भाग तपासणीपेक्षा अवघड. एक दिवसाच्या मुक्कामासह ३२,००० रुपये.

संध्याकाळी डॉक्टरांनी ते चलच्चित्र आम्हाला दाखवले आणि तेव्हा मला आजार पहिल्यांदा खऱ्या अर्थाने समजला. माझे माहेर पाथरी तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर आहे. कालव्याचे पाणी वितरिकेत, वितरिकेतून चारीत, चारीतून शेतचारीत आणि मग सरीत उतरते, तोवर त्याचा जोर मोडलेला असतो. पीक भिजवून उरलेले पाणी निचऱ्याच्या नाल्याला संथ लागते. धमनीतल्या रक्ताचेही तसेच. केशवाहिन्यांच्या जाळ्यात त्याचा जोर मोडतो आणि मग ते शिरांमधून परत फिरते. माझ्या डाव्या कानामागे मधल्या सऱ्याच गाळून कालवा थेट नाल्यात फुटला होता. तो फुटल्याचा जो आवाज, तीच माझी गिरणी. नाला भरून तुंबला होता आणि आता पाणी उलटे शेतात शिरू लागले होते. म्हणजे मेंदूतून रक्त वाहून आणणाऱ्या शिरांमध्ये रक्त उलट्या दिशेने चालले होते. पडद्यावर ते स्पष्ट दिसत होते: जी शीर शेवटी भरायला हवी, ती धमनीबरोबरच काळी होत होती.

या आजाराचे प्रकार पाडणारी कॉग्नार्ड या फ्रेंच डॉक्टरांची वर्गवारी १९९५ ची आहे. माझा प्रकार ‘दोन अ अधिक ब’ होता. ज्यांच्यात रक्त फक्त सायनसमध्येच राहते आणि योग्य दिशेने जाते, त्यांना अनेकदा नुसते लक्ष ठेवूनही चालते. ‘ब’ हे अक्षर मात्र मेंदूच्या शिरांमधल्या उलट्या प्रवाहाचे आणि त्याच अक्षरामुळे उपचार टाळता येत नव्हता. अशा रुग्णांमध्ये वर्षाला शंभरातल्या सात-आठ जणांना रक्तस्राव होतो, असे सांगण्यात आले. हे का झाले, याचे उत्तर बहुतेकांच्या बाबतीत नेमके मिळत नाही. सायनसमध्ये कधीतरी गुठळी होऊन गेली असेल, डोक्याला मार लागला असेल, अशी कारणे सांगतात. हा आजार बहुधा जन्मजात नसतो, मोठ्या वयात होतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या अशा सगळ्या विकृतींमध्ये त्याचा वाटा १० ते १५ टक्के, त्यामुळे तालुक्याच्या गावी तो कोणाला आठवला नाही, याचा राग आता मला येत नाही. स्टेथोस्कोप सगळ्यांच्या गळ्यात होता, एवढेच मनात येते.

आता पैशांचे. माझा धाकटा भाऊ पेन ड्राइव्ह घेऊन मुंबईला दुसरे मत घेऊन आला. मत तेच मिळाले, पण तिथली प्रतीक्षा लांब होती. पुण्यातील एका खासगी रुग्णालयाने साडेसहा ते साडेसात लाखांचे अंदाजपत्रक दिले. अंदाजपत्रक लेखी आणि शिक्क्यासह मागावे, पुढे प्रत्येक कार्यालयात तेच लागते. माझी नेमणूक २००५ च्या आधीची असल्यामुळे भविष्य निर्वाह निधी होता. त्यातून ना-परतावा रकमेसाठी ४ एप्रिलला अर्ज केला. मुख्याध्यापक, पंचायत समिती, जिल्हा परिषद असा तो प्रवास आचारसंहितेच्या काळात, जेव्हा अर्धे कर्मचारी निवडणुकीच्या कामावर होते, पाच आठवड्यांत पूर्ण झाला. तीन लाख तिथून आले. दीड लाख भाऊजींनी दिले. उरलेल्यासाठी माझ्या पाटल्या आणि गोफ बँकेत ठेवून सोनेतारण कर्ज काढले. ज्यांना नोकरी नाही त्यांनी रुग्णालयात योजनेचे आरोग्यमित्र बसतात त्यांच्याकडे शिधापत्रिका घेऊन आधी चौकशी करावी आणि हा उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्या रुग्णालयात बसतो का, हे स्पष्ट विचारून घ्यावे. शक्यतो दाखल होण्यापूर्वी विचारावे.

१३ मे रोजी पुण्यात मतदान होते आणि त्याच दिवशी मी दाखल झाले. १४ तारखेला सकाळी सात वाजता मला कॅथलॅबमध्ये, म्हणजे रक्तवाहिनीत नळी घालून उपचार करतात त्या खोलीत, नेले. सलाईन लावणाऱ्या सिस्टरच्या बोटावर कालची ताजी काळी शाई होती आणि माझ्या नखावरची २६ एप्रिलची शाई अर्धी वर सरकली होती. बोटाला लावायचा चिमटा त्यांनी दुसऱ्या बोटाला लावला आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही तर आमच्या आधीच करून आलात." भूलतज्ज्ञांनी नाव विचारले, गाव विचारले. सेलू म्हटल्यावर सेलू कुठे, हे सांगता सांगता मी झोपले.

आत काय झाले ते नंतर समजले. जांघेतून नेलेल्या नळीतून केसासारखी एक सूक्ष्म नळी कवटीच्या आतल्या आवरणाच्या धमनीत, अगदी जोडापर्यंत नेली. तिच्यातून ओनिक्स नावाचे द्रव्य थेंबाथेंबाने सोडले. ते रक्तात गेले की बाहेरून घट्ट होत जाते आणि लाव्ह्यासारखे पुढे सरकते. त्यात क्ष-किरणांवर दिसावे म्हणून टँटलम धातूची काळी पूड असते आणि ती खाली बसू नये म्हणून कुपी आधी वीस मिनिटे यंत्रावर हलवत ठेवावी लागते. थोडे सोडायचे, थांबायचे, चित्र घ्यायचे, पुन्हा थोडे. चार कुप्या लागल्या. बिलात सर्वांत मोठा आकडा त्यांचाच होता. चुकीच्या फांदीत गेले तर चेहऱ्याची नस दुबळी पडण्याचा किंवा पक्षाघाताचा धोका असतो, म्हणून घाई करता येत नाही.

अतिदक्षता विभागात जाग आली तेव्हा मला पहिल्यांदा वाटले की डाव्या कानात कापूस घातला आहे. हात लावून पाहिला, कापूस नव्हता. शेजारच्या खाटेचे यंत्र टिक टिक करत होते, दूर कोणीतरी ट्रॉली ढकलत होते, एवढे बारीक आवाज त्या कानाने ऐकून मला नऊ महिने झाले होते. मी नाडी धरली. नाडी चालू होती आणि कान शांत होता. डॉक्टरांनी येऊन हसायला, भुवया उंचवायला, दात दाखवायला सांगितले. चेहरा सरळ होता. मग त्यांनीही कानामागे स्टेथोस्कोप टेकवला आणि काही न बोलता मान डोलावली.

दोन दिवस माझ्या श्वासाला आणि घामाला लसणाचा उग्र वास येत होता. ओनिक्स ज्या द्रावणात असते त्याचा तो वास. श्वासावाटे बाहेर पडतो आणि आपोआप जातो. आधी सांगितले नसेल तर नातेवाईक बुचकळ्यात पडतात. लेकीने विचारले, "आई, तुला लसणाची चटणी कोणी आणून दिली?" तिने फोनवर घरी सांगितले, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "माझंच तेल निघतंय ते."

१८ मे रोजी सुट्टी मिळाली. बिल ६,८४,००० रुपये झाले. सोबतच्यांचा राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा, सुमारे १४,०००. डोके पंधरा दिवस दुखले. जूनच्या पहिल्या आठवड्यात फणी फिरवताना कानामागचे केस पुंजक्याने हातात आले आणि रुपयाएवढी जागा मोकळी झाली. मी हादरले, पण डॉक्टरांनी सांगितले की लांबलेल्या प्रक्रियेत क्ष-किरणांमुळे असे होते, केस परत येतात. गणपतीपर्यंत आले. उन्हाळी सुट्टी संपल्यावर एक महिन्याची परिवर्तित रजा घेतली आणि जुलैमध्ये तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र देऊन हजर झाले. ऑगस्टमध्ये नेत्रतज्ज्ञांनी पुन्हा थेंब टाकून पाहिले. सूज उतरली होती. ही तपासणी चुकवू नये, कारण दाब दीर्घकाळ राहिला तर दृष्टी कायमची जाऊ शकते.

आवाज थांबला म्हणजे जोड पूर्ण बंद झाला, असे मात्र धरता येत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा डीएसए करायचे ठरले होते. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानाची ड्युटी मी या वेळी केली आणि २८ नोव्हेंबरला पुण्यात डीएसए झाले, ३६,००० रुपये. यजमान म्हणत होते की आवाज नाही तर एवढा खर्च कशाला. माझेही मन डळमळले होते. पडद्यावर धमन्या आधी, शिरा नंतर, आपापल्या क्रमाने भरताना पाहिल्या तेव्हा तो खर्च वसूल झाला.

वैद्यकीय प्रतिपूर्तीची फाईल मी जुलै २०२४ मध्ये दाखल केली होती. मूळ बिले, डिस्चार्ज कार्ड, विहित नमुन्यातील प्रमाणपत्रे, सगळे जोडले होते. ती दोनदा त्रुटीसह परत आली. पहिल्यांदा, ‘साहित्य’ या एका शब्दाखाली लाखोंची रक्कम एकत्र होती, तिचा तपशील हवा होता. दुसऱ्यांदा, ओनिक्सच्या कुप्यांवरचे स्टिकर जोडलेले नव्हते. रुग्णालयाने ते केसपेपरवर चिकटवलेले होते. त्यांच्या नोंदी विभागातून साक्षांकित प्रत मिळवण्यासाठी भावाला पुण्याला दोन चकरा माराव्या लागल्या. घरी येण्यापूर्वीच तपशीलवार बिल आणि सगळ्या स्टिकरांची प्रत मागून घ्या. तेव्हा ती दहा मिनिटांत मिळते. जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयाच्या पडताळणीत मान्य दरांप्रमाणे ३,९१,००० रुपये मंजूर झाले आणि मार्च २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात, आर्थिक वर्ष संपता संपता, खात्यावर जमा झाले.

त्यातून आधी भाऊजींचे पैसे दिले, मग बँकेत जाऊन पाटल्या सोडवल्या. गोफ अजून तिथेच आहे.